वाडी पुन्हा लावायची का? (निसर्ग वादळ, पाच वर्षांनी)

आगरातला | ३ जून २०२५, रात्री १०:४०

आज पाच वर्षं झाली म्हणून मुद्दाम लिहितोय असं नाही. आज घरी हा विषय पुन्हा निघाला आणि नेहमीसारखा भांडणावर संपला, म्हणून लिहितोय.

गाव श्रीवर्धन तालुक्यात, घरापासून समुद्र चालत सात मिनिटं. वाडी १८ गुंठे. ३ जून २०२० च्या सकाळी वाडीत २८७ पोफळी (सुपारीची झाडं), २३ माड, ४ जायफळी आणि पोफळींवर चढवलेली मिरी होती. आकडे पक्के आहेत, कारण सुपारी पाडायच्या आधी बाबा दरवर्षी झाडं मोजून वहीत लिहितात. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा वही काढली. ४१ पोफळी, ९ माड, १ जायफळ. मिरीचं त्यांनी लिहिलंच नाही.

माड मुळासकट आडवे झाले होते. पोफळी मात्र मधोमध मोडल्या, खडू मोडतो तशा. घराची कौलं गेली, वासे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओटीवर आली आणि म्हणाली, "अगो बाई, समुद्र!" या घरात ती १९७८ साली लग्न होऊन आली, पण ओटीवरून समुद्र तिला कधी दिसला नव्हता. मध्ये सगळ्यांच्या वाड्या होत्या ना. बाबांनी त्याच दिवशी आपली खुर्ची फिरवून घराकडे तोंड करून ठेवली. ती अजून तशीच आहे.

आता मुद्दा. २०२१ ला ६० रोपं लावली, त्यातली २३ जगली. अर्धी वाडी मोकळीच आहे. बाबा आता ७६ वर्षांचे. गोठ्यामागे त्यांनी पिशव्यांत १५० रोपं तयार केली आहेत आणि पहिला पाऊस पडला की लावायची म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो, विका. पुण्याची एक पार्टी मागे लागली आहे, त्यांना पोहण्याच्या तलावासकट होमस्टे बांधायचा आहे. मी डोंबिवलीत. दोघांचे फोन मलाच येतात.

पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं. लावावी का? ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांनी काय केलं?

कैरीची_डाळ | ३ जून, रात्री ११:०२

वाचतेय. ते समुद्राचं वाचून पोटात कसंतरी झालं.

खाडीपलीकडे | ३ जून, रात्री ११:३५

आम्ही बागमांडल्याची फेरी ओलांडून पलीकडचे, केळशीच्या बाजूचे. आमची वाडी लहान, ११ गुंठे. ९६ पोफळींतल्या १४ राहिल्या आणि त्या १४ ही पुढच्या दोन वर्षांत गेल्या. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. वादळात वाचलेली पोफळ वाचलेली नसते. आजूबाजूची झाडं गेल्यावर तिच्या खोडावर दुपारनंतरचं ऊन सरळ येतं. त्या अंगाने खोड आधी पिवळं पडतं, मग काळं, मग चिरतं, आणि पुढच्या साध्या वाऱ्यातही कंबरेत मोडतं. मी खोडांना झावळ्या बांधल्या, चुना लावला. उशीर झाला होता.

तुमच्या ४१ तल्या आज किती उभ्या आहेत?

आगरातला | ३ जून, रात्री ११:४८

@खाडीपलीकडे, २६. तुम्ही म्हणता तसंच झालं. मला वाटलं होतं कीड लागली.

बॅलन्सशीट | ४ जून, सकाळी ७:१५

कटू बोलतो, राग मानू नका. वाडीतून वर्षाला हातात किती पडायचे? लाख, सव्वा लाख? पुण्याची पार्टी जे देईल त्याचं नुसतं व्याज त्याहून जास्त येईल. त्यात पाडणारा मिळत नाही, वानरं आहेत, आणि २०२० ला निसर्ग, लगेच २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. ज्या किनाऱ्यावर बारा महिन्यांत दोन वादळं येतात तिथे सात वर्षांनी फळ देणारं झाड लावणं याला शेती म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात.

हळदीचं_पान | ४ जून, सकाळी ८:२०

@बॅलन्सशीट, तौक्ते आमच्याकडून समुद्रातून वर गेलं, गुजरातेत शिरलं. लागलं आम्हालाही, पण निसर्ग थेट अंगावर आलं होतं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

माझं माहेर मुरुडला. वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या मधे किनाऱ्यावर आलं असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आम्हाला वेळ कळली ती वाऱ्याच्या दिशेवरून. सकाळपासून वारा डोंगराकडून, म्हणजे मतलई. मागच्या पडवीचे पत्रे त्यानेच नेले. मग एकदम सगळं थांबलं. पाऊस बारीक, पानही हलेना. माझा भाऊ बाहेर निघाला पत्रे शोधायला. आजीने त्याचा सदरा धरला. ती म्हणत होती, "अर्धंच झालंय. आता समुद्राकडनं यायचंय." तिने १९४८ चं वादळ लहानपणी पाहिलं होतं. अर्ध्या तासाने ते उलट्या बाजूने आलं आणि पुढची ओटी गेली. मागून पडवी, पुढून ओटी. मधलं माजघर तेवढं राहिलं. त्यात आम्ही अकरा माणसं, दोन शेळ्या आणि शेजारच्यांचा फ्रीज.

पावशेर | ४ जून, सकाळी ८:३१

शेजारच्यांचा फ्रीज का?

हळदीचं_पान | ४ जून, सकाळी ८:४०

त्यांचं घर आधी गेलं. ते आले आणि येताना फ्रीज घेऊन आले. आत सोललेले फणसाचे गरे होते. पुढचे दोन दिवस आम्ही तेच खाल्ले.

भटका_जोशी | ४ जून, सकाळी ९:०५

मुरुड म्हणजे कर्व्यांचं मुरुड ना? आम्ही दरवर्षी जातो, डॉल्फिन बघायला.

हळदीचं_पान | ४ जून, सकाळी ९:०९

नाही हो. ते दापोलीचं मुरुड, रत्नागिरी जिल्हा. आमचं जंजिऱ्याचं मुरुड, रायगड जिल्हा.

पावशेर | ४ जून, सकाळी ९:१२

वादळानंतर या दोन मुरुडांच्या गोंधळात आमच्या मंडळाने गोळा केलेल्या ताडपत्र्या दुसऱ्या मुरुडला पोचल्या होत्या. परत मागायची सोय नव्हती, कारण फाटकी छपरं तिथेही होतीच.

विचिटाकर | ४ जून, सकाळी ९:५०

(इथे रात्र आहे.) मी बारा वर्षं अमेरिकेत कॅन्सस राज्यात राहतो. आमच्याकडे वादळ म्हणजे टोर्नेडो. दर आठवड्याला दुपारी १२ वाजता भोंगा वाजवून बघतात. नवीन आलो तेव्हा पहिल्या सोमवारी मी ऑफिसात टेबलाखाली शिरलो होतो. बाकीचे सँडविच खात होते.

धाग्याला धरून एक सांगतो. आमच्यापासून दोन तासांवर ग्रीन्सबर्ग नावाचं गाव आहे. शेतकऱ्यांचं गाव, गहू पिकवणारं, साधारण दीड हजार वस्ती. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास टोर्नेडो आला. त्याची रुंदी अडीच किलोमीटरच्या वर, म्हणजे गावापेक्षा मोठी. गावाचा ९५ टक्के भाग गेला. गावात ११ माणसं दगावली. आकडा लहान वाटेल, पण सुमारे २० मिनिटं आधी भोंगा झाला आणि लोक तळघरात उतरले म्हणून तो लहान आहे. धान्याचं उंच कोठार तेवढं उभं राहिलं.

गावाने ठरवलं, पुन्हा बांधू आणि नीट बांधू. सरकारी इमारती वीज वाचवणाऱ्या, गावाची वीज पवनचक्क्यांची. मी जाऊन पाहून आलो. रस्ते रुंद, शाळा देखणी, दवाखाना नवा कोरा. फक्त माणसं दिसत नाहीत. २०२० च्या जनगणनेत ७४० भरली. घरं बांधता आली, पण म्हाताऱ्यांनी पुन्हा कर्ज काढलं नाही आणि पोरं आधीच विचिटा शहरात होती.

म्हणून @आगरातला, मला वाटतं प्रश्न पोफळीचा नाही. २०३२ साली सुपारी पाडायला तुमच्या घरातलं कोण असेल, त्याचा विचार करा.

बॅलन्सशीट | ४ जून, सकाळी १०:०४

+१. मी हेच म्हणत होतो, फक्त मला शिव्या पडतात.

पावशेर | ४ जून, सकाळी १०:१०

तळघराची कल्पना झकास. कोकणात तळघर खणलं की त्याला विहीर म्हणतात.

विचिटाकर | ४ जून, सकाळी १०:१८

@पावशेर, गंमत म्हणजे ग्रीन्सबर्गची प्रसिद्धी विहिरीचीच. माणसांनी हातांनी खणलेली, १०९ फूट खोल. तिथल्या संग्रहालयात एक अर्ध्या टनाची उल्का होती. टोर्नेडोनंतर ती ढिगाऱ्याखालून काढली.

दोन_पैसे | ४ जून, सकाळी ११:२५

आमच्या पाखाडीत एका ओळीत पाच घरं. दोन, तीन आणि पाच नंबरची छपरं गेली. चार नंबरचं कौलही हललं नाही. गावात अजून म्हणतात की चक्रीवादळाच्या पोटात टोर्नेडो होता आणि तो उड्या मारत गेला. खरं असू शकतं का? (चार नंबरवाले म्हणतात त्यांचा कुळाचार चोख आहे.)

वातकुक्कुट | ४ जून, दुपारी १२:४०

हवामान हा माझा छंद आहे, नोकरी नाही, त्यामुळे चूक असल्यास सांगा.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसचे दिवस चालतं. टोर्नेडो एखाद्या गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला भोवरा. रुंदी बहुधा काहीशे मीटर, आयुष्य मिनिटांचं. किनाऱ्याला लागलेल्या चक्रीवादळाच्या पट्ट्यांत छोटे टोर्नेडो होऊ शकतात, त्यामुळे "अशक्य" म्हणणार नाही. पण एक घर सोडून दुसरं उडायला टोर्नेडो लागत नाही. छप्पर वरून दाबल्याने जात नाही, वर उचललं जाऊन जातं. वळचण किती बाहेर आहे, पडवी उघडी की बंद, समोर भिंत की मोकळं, यावर सगळं ठरतं. चार नंबरची पडवी बंद होती का?

वेगाचं म्हणाल तर निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. टोर्नेडोच्या मोजपट्टीवर सगळ्यात खालची पायरीच १०५ पासून सुरू होते. ग्रीन्सबर्गचा टोर्नेडो सगळ्यात वरच्या पायरीचा, म्हणजे ३२० च्या वर. तुलना काटेकोर नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. पण मथितार्थ असा की टोर्नेडो एका गावाची माती करतो आणि शेजारच्या गावात पान हलत नाही. निसर्गने घरं तशी उचलली नाहीत, पण मुरुडपासून दापोलीपर्यंत सगळ्यांची छपरं आणि बागा एकाच दुपारी नेल्या. मग कौलं शाकारायला माणूस आणायचा कुठून? शेजारच्या गावातलाही स्वतःच्या छपरावर बसलेला.

आणि टोर्नेडो अमेरिकेतच होतात असं नाही. जगातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो बांगलादेशातला, २६ एप्रिल १९८९, सुमारे १३०० मृत्यू. आपल्याकडे मार्च १९९८ मध्ये बंगाल-ओडिशाच्या सीमेवर दांतनच्या भागात झाला, दीडशेच्या वर माणसं गेली.

दोन_पैसे | ४ जून, दुपारी १:०५

विचारून आलो. चार नंबरची पडवी बंदच होती. त्यांनी २०१९ ला भाडेकरूसाठी खोली काढली होती. कुळाचाराची थिअरी मागे घेतो, पण त्यांना सांगणार नाही.

सासूबाईंचा_रेडिओ | ४ जून, दुपारी १:३०

वादळात खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि छप्पर जात नाही, हे खरं का? आम्ही ठेवल्या होत्या. छप्पर गेलंच, वर गाद्या भिजल्या.

वातकुक्कुट | ४ जून, दुपारी १:४२

खोटं. अमेरिकेतही पूर्वी हेच सांगायचे, आता उलट सांगतात. उघड्या खिडकीतून वारा आत शिरतो आणि छपराला खालून ढकलतो. बंद ठेवा.

जाता जाता, फिरत्या संदेशांत १८८२ च्या "मुंबईच्या महाचक्रीवादळात लाख माणसं मेली" असं येतं. असं वादळ झालंच नव्हतं. कुणी पुढे पाठवलं तर थांबवा.

फळा_खडू | ४ जून, दुपारी ३:१५

मी वादळाच्या वेळी कोकणात शिक्षक होतो. आमच्या शाळेत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना विलगीकरणात ठेवलं होतं. कोरोनाचे दिवस. वादळाने शाळेचे पत्रे नेले. आतली १७ माणसं भिजत उभी, आणि गावकरी दारात विचारात पडलेले, यांना घरात घ्यायचं की नाही. शेवटी एका म्हातारीने हाक मारली, "या रे, मरायचंय तर कोरडे मरू!" सगळे तिच्याकडे गेले. कुणालाही काही झालं नाही.

वीज ३४ दिवस नव्हती. रॉकेल रेशनवर मिळेनासं झालेलं, मेणबत्त्या संपलेल्या. एका रिक्षावाल्याने बॅटरीवर मोबाइल चार्ज करून द्यायला सुरुवात केली, पण रेंज नसल्याने चार्ज करून करायचं काय? मुलं त्यात पूर्वी काढलेले फोटो बघायची. वाडीचे, अंगणाचे. कौलांची तर शोधाशोधच. गावात नवीन मंगलोरी कौलं करणारं कुणी नाही, म्हणून लोकांनी पत्रे घातले. आज गावात वरून पाहिलं तर निळे पत्रेच दिसतात. मार्चमध्ये ओटीवर बसवत नाही.

कैरीची_डाळ | ४ जून, दुपारी ३:४०

म्हातारीचं वाचून डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम आलं.

भटका_जोशी | ४ जून, दुपारी ४:१०

खरं आहे. आम्ही डिसेंबर २०२० ला गेलो होतो तर रस्ताभर अगदी भकास. पूर्वीची ती गर्द सावली नाही, फोटोही चांगले आले नाहीत. तुम्ही लोकांनी झाडं लावायलाच हवीत, कोकणचं सौंदर्य टिकलं पाहिजे.

खाडीपलीकडे | ४ जून, दुपारी ४:२२

हो जोशी, तुमच्या फोटोंसाठी लावतो. शिंपायला कधी येता?

भटका_जोशी | ४ जून, दुपारी ४:५८

टोमणा पोचला. चुकलो.

जमाखर्च_वहिनी | ४ जून, सायंकाळी ६:३०

भरपाईचं कुणी बोललं नाही म्हणून बोलते. सरकारने बागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, पेपरात मोठ्ठे मथळे आले. ५० हजार ऐकायला बरे वाटतात. आता गुंठ्यात करा. हेक्टरी साधारण ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०५ रुपये. @आगरातला, तुमच्या १८ गुंठ्यांना नऊ हजार शंभर. गेल्या तुमच्या २४६ पोफळी आणि १४ माड. माड-जायफळ सोडून दिले तरी एका पोफळीला ३७ रुपये पडतात. नर्सरीत रोपसुद्धा त्याहून महाग.

द्राक्ष-डाळिंबवाल्याचं हेक्टरात मोजणं ठीक. आगरात जमीन गुंठ्यात आणि उत्पन्न झाडात असतं. झाडामागे द्या, हीच तेव्हा सगळ्या किनाऱ्याची मागणी होती. आणि सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातली तीन वारलेली, दोन अहमदाबादला. नऊ हजारांसाठी चौदा जणांचं संमतिपत्र!

आमच्याकडे सुपारी सोलायला येणाऱ्या सहा बायका होत्या, त्यांच्या नावावर तर एक गुंठाही नाही. त्यांचा कुठल्याच पंचनाम्यात उल्लेख नाही.

पावशेर | ४ जून, सायंकाळी ६:४१

आमच्या पंचनाम्यात "नुकसानीचे कारण: निसर्ग" असं लिहिलं होतं. बांगलादेशाने नाव असं ठेवलं की दोष कुणाला द्यायचा तेच कळेना.

रोपवाटिका | ४ जून, रात्री ९:२०

दापोलीला शेतकी शिकले, आता स्वतःची छोटी रोपवाटिका आहे. म्हणजे माझा यात स्वार्थ आहे, ते धरून वाचा.

तुमची ६० पैकी २३ च का जगली? उन्हाने. पोफळीचं रोप मोकळ्या जागेत लावत नाहीत. जुन्या वाडीत एखादी मेली तर तिच्या जागी लावलेलं रोप आपसूक वाढायचं, कारण वर छत असायचं. ते छतच आता नाही. म्हणून आधी केळ. यंदा केळी लावा, त्यांच्या सावलीत पोफळ, दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ फुटांवर. घाई असेल तर दोन्ही एकाच पावसात, पण केळ पश्चिमेच्या अंगाला.

जायफळ सावली झाल्याशिवाय लावू नका. आणि रोप नको, कलम घ्या. रोपांत निम्मे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात.

श्रीवर्धनी रोठा सोडू नका. त्या सुपारीचा पांढरा गर मोठा, भावही त्यामुळेच. पण १५० च्या १५० पोफळी लावू नका. मधे माड, मिरी, दालचिनी येऊ द्या. सगळं एकाच उंचीचं असलं की सगळं एकदम जातं.

वातकुक्कुट | ४ जून, रात्री ९:४५

आणि समुद्राच्या बाजूला वारा अडवायला सुरूची रांग?

रोपवाटिका | ४ जून, रात्री १०:०२

इथे माझं वेगळं मत आहे. निसर्गमध्ये सुरूचीच बनं सगळ्यांत आधी झोपली. वाळूत त्याची मुळं वरवर असतात. मी उंडी आणि केवडा सांगेन. दोन्ही इथलेच, हळू वाढतात, दिसायलाही विशेष नाहीत. म्हणून कुणी लावत नाही.

खाडीपलीकडे | ४ जून, रात्री १०:१५

सुरूचं पटलं नाही. आमच्याकडे सुरूमागची घरं वाचली. सुरू पडले ते मान्य, पण आमच्याऐवजी पडले.

रोपवाटिका | ४ जून, रात्री १०:२१

हेही खरं आहे.

चिंचगूळ | ५ जून, सकाळी ७:५०

एक मिनिट. १८ गुंठे, वही, फिरवलेली खुर्ची... दाद्या, तू आहेस होय! अरे, काका काल माझ्याकडून पहार घेऊन गेले. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "कुदळ बोथट झाली." पाऊस पडायची वाट-बिट काही बघत नाहीयेत ते.

पावशेर | ५ जून, सकाळी ७:५४

धागाकर्ते पकडले गेले!

आगरातला | ५ जून, सकाळी ८:३०

@चिंचगूळ, तू हे कुणाला सांगू नकोस. शनिवारी जातोय.

आगरातला | ९ जून, रात्री ११:१०

जाऊन आलो. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, एकत्रच देतो.

गेलो तर ५२ खड्डे तयार. एकाही खड्ड्यात पोफळ नाही, सगळ्यांत केळीचे मुनवे. मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं आधी केळ लावायला? तर माझ्याकडे असे बघितले की मी गप्पच बसलो. @रोपवाटिका, तुम्ही दापोलीत चार वर्षं जे शिकलात ते त्यांना आधीच माहीत होतं. २०२१ ला मीच घाई केली होती म्हणे. "तू दोन दिवस सुट्टी काढून आलेलास, मग लावली." हे मी पहिल्या पोस्टीत लिहिलं नव्हतं, कारण मला आठवतच नव्हतं.

भाऊही आला होता. बोलणं झालं, आवाज चढले, आई उठून मागे गेली. भाऊ चुकीचं बोलत नाही. तोच जवळ महाडला राहतो, पंप बिघडला की तोच धावतो, मी फोनवर सल्ले देतो. @विचिटाकर, तुमचा प्रश्न मी तसाच्या तसा टाकला. २०३२ ला पाडायला कोण? भाऊ म्हणाला, "मी नाही." मी काही बोललो नाही. बाबा म्हणाले, "मी लावली तेव्हा मला तरी कुठे विचारलं होतं कुणी? पाडपी बोलावला, त्याने पाडली." त्यावर पुढे कुणाला बोलता आलं नाही, पण प्रश्न सुटला असंही नाही.

तूर्त ठरलं ते असं. समुद्राकडचे सहा गुंठे विकायचे नाहीत, लावायचेही नाहीत, तिथे उंडी आणि केवडा. मधल्या बारांत केळ, पुढच्या वर्षी पोफळ. पुण्याच्या पार्टीला भाऊ "अजून विचार चालू आहे" असं सांगणार. म्हणजे त्याने दार पूर्ण लावलेलं नाही, आणि मीही त्याला लावायला सांगितलं नाही.

@जमाखर्च_वहिनी, वही बघितली. भरपाईचे नऊ हजार शंभर जमा झाल्याची नोंद आहे, तुमचा हिशोब रुपयाला बरोबर. खालच्या ओळीत झाडं तोडून वाडी साफ करायची मजुरी, २३ हजार.

जमाखर्च_वहिनी | ९ जून, रात्री ११:२५

हिशोब बरोबर आल्याचा आनंद होईना.

हळदीचं_पान | १० जून, सकाळी ८:०५

खुर्ची?

आगरातला | १० जून, सकाळी ८:३०

तशीच. पण आता आई दुसरी खुर्ची घेऊन शेजारी बसते, समुद्राकडे तोंड करून. तिला आवडतो म्हणे. ४७ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. केळी उंच झाल्या की पुन्हा दिसणार नाही, म्हणून तिने एका बाजूचे चार खड्डे बुजवायला लावलेत.

पावशेर | १० जून, सकाळी ८:४४

म्हणजे ४८ खड्डे. वहीत दुरुस्ती करा.

भटका_जोशी | १० जून, सकाळी ९:१५

जुन्या टोमण्याची आठवण ठेवून, भीत भीत विचारतो. अस्सल रोठा सुपारी तुमच्याकडून थेट विकत मिळेल का? दोन किलो हवी होती.

आगरातला | १० जून, सकाळी ९:२०

नक्की. वहीत तुमचं नाव लिहून घेतो. २०३३ ला फोन करा.